घरात परवान्याची बंदूक आहे? ‘रिकामीच आहे’ यावर विश्वास ठेवायच्या आधी हे वाचा

मी सहावीत होतो, खंडेनवमीची सकाळ. बाबा ओटीवर मांडी घालून बंदूक पुसत बसलेले. जुनी डबल बॅरल, १२ बोअर, दोन्ही घोडे (काडतुसावर ठोका मारणारे, चाप नव्हे) बाहेर असलेली, शेतीसंरक्षण परवान्यावरची. कुडाळ तालुक्यात आमच्याकडे अशा बंदुका बऱ्याच घरांत असतात, माकडं आणि रानडुकरं पिकावर आली की हवेत बार काढायला. शिवणयंत्राचं तेल लावून चकचकीत केली, आणि घोडा चालतो का बघायला मागे ओढला आणि अंगठ्याने हळूच खाली सोडायला गेले. अंगठा तेलकट होता. घोडा निसटला.

कानात शिट्टी वाजायला लागली ती संध्याकाळपर्यंत वाजत होती. कौलांवरची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर, आणि समोरच्या चिऱ्याच्या भिंतीत वाटीएवढा खड्डा. छर्रे पसरतात वगैरे ते लांबून, दहा फुटांवर सगळे एकत्रच जातात. त्या भिंतीला टेकून आत्या झेंडूची माळ ओवत बसलेली होती आणि दोराच संपला म्हणून दोन मिनिटांपूर्वी आत गेलेली. बाबा बराच वेळ तसेच बसून होते, बंदूक मांडीवर, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा, “मी कालच काढली होती काडतुसं.” एक काढलं होतं. दोन नळ्या होत्या.

पुढची गोष्ट २०२१ ची. बाबा गेले, बंदूक माळ्यावर धोतरात गुंडाळलेली. काका, शेजारी, आई सगळे म्हणाले, ती घटना झाल्यापासून बाबा कधीच भरलेली ठेवत नव्हते. पोलीस ठाण्यात फोन केला, तिथले एक जाणकार हवालदार आले, बंदूक मोडून म्हणजे नळ्या बिजागरीवर खाली करून बघितली, तर डाव्या नळीत काडतूस. पितळेच्या टोपीवर हिरवा गंज, दमटपणाने फुगून घट्ट बसलेलं. म्हणजे ज्या माणसाला आयुष्याचा धडा मिळाला होता त्याच्याच हातून हे राहिलं होतं.

म्हणून हे लिहितोय. नवीन परवाना मिळालेले, वारसाने बंदूक आलेले, किंवा सासरी गेल्यावर कपाटात रिव्हॉल्व्हर आहे असं कळलेले, तिघांसाठीही. नेम कसा धरायचा हे यात नाही, ते रेंजवर शिका.

१. उघडता येत नसेल तर हात लावू नका

पहिली पायरी हीच. परवानाधारक वारले, आजारी आहेत, आणि तुम्हाला ते हत्यार उघडता येत नाही, तर ते आहे तिथेच ठेवा, खोलीला कुलूप लावा, मुलांना बाहेर काढा आणि पोलीस ठाण्याला फोन करा. ‘बघू तरी कशी उघडते’ हा मोह फार वाईट. यूट्यूबवर बघून उघडणं तर नकोच, कारण व्हिडिओतलं मॉडेल आणि तुमचं मॉडेल दिसायला सारखं असलं तरी खटका उलट बाजूला असू शकतो.

कायद्यानेही हेच लागतं. परवाना त्या माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. तो गेला की हत्यार विनाकारण उशीर न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं (शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१). दिवसकार्य होईपर्यंत राहू दे म्हणतात लोक. निदान फोन करून कळवून तरी ठेवा आणि ते सांगतील तसं न्या. स्वतःच मोटारसायकलवर पोत्यात गुंडाळून निघू नका, आमच्या एका नातेवाईकाने हे केलंय आणि नाक्यावर काय झालं ते मी इथे लिहीत नाही.

२. रिकामी करायची पद्धत, प्रकाराप्रमाणे

इथे जरा वेळ घ्या, कारण बहुतेक अपघात इथेच.

डबल किंवा सिंगल बॅरल: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, खटका सरकवून नळ्या मोडायच्या म्हणजे बिजागरीवर खाली करायच्या. दोन्ही नळ्या बघायच्या. मग दोन्हींच्या मागच्या भोकात करंगळी घालून बघायची. हो, खरंच घालायची. संध्याकाळच्या उजेडात, चष्मा नसताना, काळं पडलेलं काडतूस डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतं. शेवटी नळीतून आरपार उजेडाकडे बघा, पण नळ्या मोडलेल्या असतानाच आणि मागच्या बाजूने. काडतूस फुगून अडकलं असेल तर समोरून गज घालून ठोकायचं नाही, विक्रेत्याकडच्या कारागिराला बोलवायचं.

ठासणीची, केपाची बंदूक (दारू नळीच्या तोंडातून ठासून भरायची): हिला उघडून बघायची सोयच नाही, म्हणून हीच सगळ्यात फसवी. जुने लोक गज नळीत सोडून बघायचे, रिकाम्या नळीत गज किती आत जातो त्याची खूण गजावर केलेली असायची, खूण वर राहिली म्हणजे आत बार आहे. तुम्हाला ती खूण माहीत नसेल तर भरलेलीच समजा. ‘वीस वर्षं कोणी हात लावला नाही’ याला काही अर्थ नाही, काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं टिकते.

रिव्हॉल्व्हर: सिलिंडर उघडून सगळी घरं मोजा. सहा घरं तर सहाही रिकामी दिसली पाहिजेत, पाच बघून बंद नाही करायचं. आपल्याकडची सरकारी कारखान्याची .३२ बरीच वरून मोडून उघडतात, काही आडवी उघडतात, आपलं कुठलं ते विकत घेतानाच दुकानदाराकडून तीनदा करून घ्या.

पिस्तूल: इथे क्रम महत्त्वाचा. आधी मॅगझीन (गोळ्यांची डबी) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे. उलटं केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढून गोळी उडवून काढली आणि स्लाइड पुढे गेली, तर मॅगझीनमधली पुढची गोळी नळीत जाऊन बसते. मग तुम्ही मॅगझीन काढता, हातात मॅगझीन दिसतं, डोकं म्हणतं रिकामं झालं. आत एक बसलेली असते. जगभर ‘रिकाम्या’ पिस्तुलाने झालेल्या अपघातांचा हा अगदी ठरलेला नमुना आहे. म्हणून मॅगझीन, मग स्लाइड, स्लाइड मागे अडकवून आत बघा, बोटाने चाचपा.

एअरगन असली तरी तेच नियम लावा, तिच्या छर्ऱ्याने डोळा जातो.

काढलेली काडतुसं मोजून डबीत. डबीवर आकडा लिहा. माझ्या डबीवर आज ‘१४’ लिहिलंय आणि आत १४ आहेत, १३ निघाली तर एक कुठेतरी आहे, आणि ते ‘कुठेतरी’ बहुतेक वेळा नळी असते.

३. नळी कुठे बघते आहे

पुस्तकात लिहितात ‘सुरक्षित दिशेला धरा’. बरं, पण घरात सुरक्षित दिशा कुठली? वरती कौलं, त्यातून पार होणार. फ्लॅटमध्ये खाली-वर-बाजूला सगळीकडे माणसं. चार इंची विटांच्या भिंतीचा भरवसा धरू नका, प्लायवूडच्या पार्टिशनचं तर नावच नको. फरशीवर मारलं तर छर्रे उसळून येतात.

माझा उपाय असा: मागच्या पडवीत वाळूचं एक भरलेलं पोतं कायमचं ठेवलंय, त्याच्या मागे चिऱ्याची भिंत आणि भिंतीच्या पलीकडे आमचाच माड आणि दरड. उघडणं, तपासणं, पुसायला घेणं सगळं तिथेच, नळी पोत्याकडे करून. फ्लॅटवाल्यांनी निदान एक मोठी बादली वाळूने गच्च भरून ठेवावी, बाल्कनीतल्या कुंडीसारखी दिसते, कोणाला कळतही नाही. पिस्तुलाची नळी त्या वाळूकडे करूनच मॅगझीन काढायचं.

आणि चापावर बोट नाही. बोट बाहेर, लाकडाच्या कडेला सरळ. हे सांगायला सोपं वाटतं पण नवीन माणसाच्या हातात बंदूक द्या, दोन सेकंदात बोट चापात गेलेलं असतं, कारण हाताची ठेवणच तशी. महिनाभर रिकाम्या बंदुकीवर सवय करावी लागते.

४. अपघात नेमका कधी होतो

चोर आला तेव्हा नाही होत. पुसताना, कपाटात ठेवताना, पाहुण्याला दाखवताना, गाडीत चढता-उतरताना. म्हणजे गोळी झाडायचा विचारही मनात नसताना. अभिनेते गोविंदा यांचं तेच झालं ना, १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट, मुंबईत घरी, बाहेरगावी निघायची घाई, परवान्याचं रिव्हॉल्व्हर आवरून ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी स्वतःच्याच पायात. जीव वाचला.

पडल्यावर बार का उडतो हे समजून घ्या. बऱ्याच जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणि बाहेरच्या घोड्याच्या बंदुकीत घोडा सरळ पिनवर टेकलेला असतो आणि पिन काडतुसाच्या टोपीला चिकटून. घोड्यावर आपटलं की ठोका बसतो, चापाला हात लावायचीही गरज नाही. नवीन मॉडेलमध्ये मध्ये एक पट्टी असते जी चाप पूर्ण ओढल्याशिवाय ठोका पोचू देत नाही. आपल्या हत्यारात ती आहे का हे दुकानदाराला विचारा, आणि माहीत नसेल तर नाहीच असं धरा. १२ बोअरवरचा सेफ्टीचा खटकासुद्धा बऱ्याच मॉडेलमध्ये फक्त चाप अडवतो, आतला घोडा नाही. त्यामुळे ‘सेफ्टी लावलीये’ हे कारण चालणार नाही.

दोन गोष्टी मात्र पाठ करा:

हातातून निसटलं तर पडू द्या. झेलायला जाऊ नका. झेलताना बोटं नेमकी चापाच्या कडीत जातात.

चाप ओढला आणि आवाज आलाच नाही, तर लगेच उघडून बघू नका. जुनी, ओल लागलेली काडतुसं कधी कधी क्षणभर थांबून पेटतात. नळी पोत्याकडे धरून निदान तीस सेकंद थांबा, मग उघडा.

पुसायचं असेल तर काडतुसं दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद, फोन लांब. पुसायला बसला आणि मध्येच कोणी हाक मारली, उठून गेलात, तर परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून उघडून बघा. एक पेग झाला असेल तर कपाटाची किल्लीच काढायची नाही, मग समोर कितीही जवळचा मित्र असो.

५. ठेवायची कुठे

भिंतीला बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट किंवा लॉकर. नुसता लॉकर आणून कपड्यांच्या कपाटात ठेवला तर चोर लॉकरसकट नेतो. बंदूक एकीकडे, काडतुसं दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात नाही.

डबल बॅरलवाल्यांची एक सोय आहे, ती सुटी होते. नळीखालचा लाकडी तुकडा काढला की नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. मी नळ्या कपाटात ठेवतो आणि दस्ता ट्रंकेत. कोणाच्या हातात एक भाग आला तरी त्याचा उपयोग काठीएवढाच.

नेहमीच्या चुकांच्या जागा: उशीखाली, गादीखाली, साड्यांच्या घडीत, देवघराच्या मागे, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, तांदळाच्या डब्यात (हो, बघितलंय). घरातल्या मुलाला या सगळ्या जागा तुमच्या आधी माहीत असतात, लाडूचा डबा कुठे लपवलाय हे कळतं त्याला, मग हे कळणार नाही?

“पण रात्री चोर आला तर कुलूप उघडत बसू का?” हा प्रश्न हमखास येतो. माझं मत स्पष्ट आहे, झोपेतून उठलेला, घाबरलेला, अंधारात भरलेली बंदूक घेतलेला माणूस स्वतःच्या घरच्यांना चोरापेक्षा जास्त धोकादायक. बाथरूमला उठलेला मुलगा आणि चोर अंधारात सारखेच दिसतात.

६. मुलं, चाकरमानी आणि खंडेनवमी

गणपतीत आमच्या घरी २५-३० माणसं, त्यात मुंबईहून आलेली दहा-बारा पोरं. त्यांना भीती घालून उपयोग नाही, उलट जास्त शोधतात. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगतो: बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, दुसऱ्याने उचलली तर तिथे थांबायचं नाही, बाहेर पळायचं, आणि मोठ्या माणसाला सांगायचं, सांगणाऱ्याला कोणी ओरडणार नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, ओरडा बसेल म्हणून पोरं लपवतात.

खंडेनवमीला पूजेला लावायची असेल तर आदल्या दिवशी पोत्यासमोर तपासून, नळ्या सुट्या करून पाटावर ठेवा. हळदकुंकू सुट्या नळीलाही लागतं. पूजा झाली की ताबडतोब आत. रील काढायला पुतण्याच्या हातात दिली तर परवाना जाण्याची तयारी ठेवा.

आणि वरातीत, जत्रेत, मुलगा झाला म्हणून हवेत बार नाही. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलगर्जीपणाने किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘हलगर्जीपणाने’ हा शब्द नीट वाचा, तो घरातल्या बारालाही लागू शकतो.

७. कागदपत्रं

वारसाने परवाना स्वतःच्या नावावर करायला मला लागलेली यादी, कार्यालयाप्रमाणे थोडं कमी-जास्त होतं:

- मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला
- हत्यार जमा केल्याची पावती (झेरॉक्स चार काढा)
- बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र
- आधार, राहण्याचा पुरावा, फोटो
- डॉक्टरांचा शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला
- हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- शेतीसंरक्षणाचा परवाना असेल तर सातबारा

जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे. अर्जात हत्यार सुरक्षित कुठे ठेवणार हेही विचारलेलं असतं, म्हणून कपाट आधी घ्या. परवान्याची मुदत आता पाच वर्षं, आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं, वारसाची धरून. वडील ७० च्या पुढे असतील किंवा हत्यार २५ वर्षं त्यांच्याकडे असेल तर ते हयात असतानाच वारसाच्या नावावर करायचा अर्ज करता येतो. आम्हाला हे माहीत असतं तर बाबांनी स्वतःच उघडून दाखवली असती.

निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा करायचा निरोप आला तर नेण्याआधी घरीच रिकामं करा, पावती घ्या. परत मिळाल्यावर पुन्हा तपासा. दुसऱ्याच्या हातून आलेलं हत्यार नेहमी भरलेलं, देणारा पोलीस असो की सख्खा भाऊ.

८. बार उडालाच तर

सगळे जागेवर आहेत का बघा, अंगावर, कपड्यांवर रक्त शोधा, धक्क्यात माणसाला लागलेलं कळत नाही. कोणाला लागलं असेल तर स्वच्छ फडकं जखमेवर दाबून धरा, जोरात, सोडून सोडून बघू नका. छर्रे उकरायचे नाहीत, हळद भरायची नाही, पाणी पाजायचं नाही. १०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२.

बंदूक नळी माणसांपासून दूर करून खाली ठेवा, चाप-घोड्याला पुन्हा हात नाही, कोणीतरी एकजण लांब उभं राहून राखण करा. पुसू नका, लपवू नका. दवाखान्यात ‘पडलो, सळई लागली’ असं सांगू नका, डॉक्टरांना जखम कळते, ते पोलिसांना कळवतातच आणि तुमच्या खोट्यामुळे अपघाताची केस दुसऱ्याच वळणावर जाते. कोणालाच लागलं नसेल तरीही ठाण्यात जाऊन सांगा. बाबांनी त्या दिवशी सांगितलं नव्हतं, भिंतीला गिलावा मारला. तो गिलावा दर पावसाळ्यात ओल धरतो, गोल डाग दिसतो.

९. एक कागद लिहून ठेवा

हे मी कुठे वाचलेलं नाही, स्वतःच ठरवलंय. परवान्याच्या फायलीत सगळ्यात वर एक कागद: नळ्या कुठे, दस्ता कुठे, काडतुसं किती आणि कुठे, किल्ली कोणाकडे, शेवटचं कधी तपासलं ती तारीख, पोलीस ठाण्याचा आणि विक्रेत्याचा नंबर. आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘उघडायला येत नसेल तर हात लावू नका, फोन करा.’ बायकोला फाईल कुठे आहे ते माहीत आहे. माझ्या कागदावरची शेवटची तारीख मागच्या रविवारची आहे.